धोंडूची करंगळी

साहित्य माणसाला अमर करतं, असं मी कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात टेबलामागं बसून तीस वर्षं सांगत आले. विद्यार्थी मान डोलवायचे आणि गाइड मागायचे. निवृत्तीनंतर या मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आले, तेव्हा असा अमर झालेला एक माणूस मला प्रत्यक्ष भेटला. तेव्हा तो मागच्या दारानं येत-जात होता.

त्याला भेटायला म्हणून मी गेले नव्हते. शुभदा ही माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन रत्नागिरीला गेली ती तिथलीच झाली. तिच्या कॉलनीनं मोकळ्या जागेत एक साहित्यशिल्प उद्यान उभं केलं होतं आणि वर्षभर ती फोनवर मागं लागली होती. "अगं मालू, तू ये तर खरी. असं काही तुमच्या कोल्हापुरात नाही." हे खरं होतं. आमच्याकडं पुतळे चौकात असतात, बहुतेक घोड्यावर असतात, आणि कथा-कादंबरीशी त्यांचा काही संबंध नसतो.

उद्यान एका दिवंगत कथालेखकाच्या पात्रांचं आहे. कॉलनी जिथं उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या वडिलांची. लेखकमहाशय तरुणपणी मुंबईला गेले, पुढं जमीन विकली आणि आयुष्यभर तिच्याविषयी लिहीत राहिले. त्यांचं नाव मी इथं देत नाही. उद्यानात ते इतक्या ठिकाणी दिलेलं आहे की माझ्यावाचून काही अडायचं नाही. त्यांच्या एका संग्रहाची प्रत मी बरोबर घेतली होती. आमच्या ग्रंथालयानं बाद केलेली. बाद पुस्तकांच्या यादीवर सही माझीच होती.

उद्यान

घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटते, ती परत घाट चढेपर्यंत सोडत नाही. शुभदानं आल्या आल्या सोलकढीचा पेला हातात दिला आणि ऊन उतरायची वाट न बघता खाली नेलं.

प्रवेशद्वार दोन उभ्या लेखण्यांचं आहे. आत शिरताच दोन सूचना दिसतात. पुतळ्यांवर चढू नये. पुतळ्यांना कपडे घालू नयेत. दुसरी सूचना कशामुळं लिहावी लागली, ते शुभदानं सांगितलं नाही.

समितीचे अध्यक्ष आमची वाट बघत होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. अजूनही एखाद्या फायलीवर शेरा मारल्यासारखं बोलतात. "मॅडम, एकूण सोळा शिल्पं. सगळी फायबरची, वर ब्राँझचा रंग. खारी हवा काही करू शकत नाही." मासळीची पाटी घेतलेली बाई होती, पोस्टमन होता, होडी ओढणारे दोघे होते, शाळामास्तर होता. सगळ्यांचा चेहरा एकच होता. मास्तरला चष्मा आणि बाईला नथ, एवढाच फरक. साचा एकच वापरला की काम लवकर होतं, असं अध्यक्ष मोकळेपणानं म्हणाले. प्रत्येक पुतळ्याखाली मोबाइलनं टिपायचा चौकोन होता. मी तीन ठिकाणी टिपून पाहिला. तिन्ही वेळा कॉलनीच्या गेल्या गणेशोत्सवाचे फोटो उघडले.

मधोमध उघड्या पुस्तकाच्या आकाराचा सिमेंटचा बाक आहे. बरोबर बसावं तिथं पुस्तकाची घडी येते, म्हणून कुणी बसत नाही. डाव्या पानावर कोकमाची सालं वाळत घातली होती. पूर्ण उद्यानात पुस्तकाचा झालेला एवढाच उपयोग मी पाहिला.

"आणि हा आमचा धोंडू," अध्यक्ष शेवटच्या पुतळ्यापाशी थांबले.

धोंडूची कथा मला आठवत होती. कोकणात दोन घरांच्या जागांमध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा कोरडा बांध रचतात, त्याला गडगा म्हणतात. तो पावसात ढासळतो आणि पाऊस संपला की परत रचतात. कथेतला धोंडू दरवर्षी रचताना तो वीतभर शेजाऱ्याच्या जागेत सरकवतो. एका वर्षी चिरा हातावर पडून त्याची करंगळी अर्धी तुटते. गाव म्हणतं, हद्दीच्या देवीनं आपला वाटा घेतला. शेवटी धोंडूला गावात एकही दार उघडं राहत नाही. कथा चांगली आहे. मी बाद केली तेव्हाही चांगली होती.

उद्यानातला धोंडू वाकून गडग्यावर चिरा ठेवत होता. गडगा खरा, पुतळा फायबरचा. दगड धरलेल्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती; पेरावरची सुरकुतीसुद्धा केली होती. सोळा पुतळ्यांत शिल्पकारानं डोळे उघडे ठेवून केलेलं एवढंच काम होतं.

"मूळचा गडगा अगदी वेडावाकडा होता," अध्यक्ष म्हणाले. "धोंडूला उभं करायला जागा पुरेना. मग कंत्राटदारानं तो काढून थोडा सरळ रेषेत घेतला."

"कथा तुम्हाला कशी वाटली?" मी विचारलं.

"वाचायची आहे. निवृत्तीनंतर वाचायची असं ठरवलंच होतं, पण मग हे उद्यान मागं लागलं."

त्यांनी अभिप्रायाची वही पुढं केली. शुभदा शेजारी उभी होती, सोलकढी पोटात होती आणि तीस वर्षं लोकांच्या पुस्तकांना गोड बोलायची सवय होती. खोटं लिहायला नको म्हणून मी एक खरं वाक्य शोधलं. 'धोंडूची अर्धी करंगळी हा या उद्यानातला सर्वांत अस्सल तपशील आहे.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि वही छातीशी धरली.

मांडवी

संध्याकाळी मांडवीला गेलो. काळी वाळू, लांब गेलेली जेटी आणि तिच्यावर पाय सोडून बसलेली माणसं. आमच्या रंकाळ्यावर माणसं भेळ खायला जातात आणि जाता जाता पाणी बघतात. इथं पाणी बघायला येतात आणि भेळवाला दिसला तर जरा त्रासल्यासारखं करतात. शुभदा उद्यानाविषयी बोलत होती. शेजारच्या घरातून काही तक्रार आली होती, पण ती लोकं जरा तिरसटच, असं तिनं मध्येच सांगितलं आणि विषय बांगड्यांच्या भावावर नेला. रात्री बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी होती. एवढं तिखट करूनही ही माणसं स्वतःला सौम्य समजतात.

पडवी

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आमसुलं घ्यायची होती. शुभदा म्हणाली, "गडग्यापलीकडं वनिता विकते, तिच्याकडून घे. आबांशी फार बोलत बसू नकोस." आबा म्हणजे वनिताचे सासरे. नवरा मुंबईला नोकरीला.

घर कौलारू, पुढं पडवी. मी पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवली. दार आतून बंद होतं, आणि बरेच दिवस बंद असावं, कारण उंबऱ्यावर मुंग्यांनी वारूळ घालायला घेतलं होतं. "मागनं या, ताई!" आतून बाईचा आवाज आला.

मागच्या पडवीत वनिता कोकमं फोडत होती. भिंतीला टेकून एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ बसले होते. "बाय, कुठनं आलाव?" त्यांनी विचारलं. आमच्याकडं आधी चहा देतात आणि मग चौकशी करतात. इथं चौकशी पुरी झाल्याशिवाय चूल पेटत नाही. कोल्हापूर, नोकरी, मुलं, कुणाकडं उतरलात, सगळं सांगून झालं तेव्हा आबांनी कोकम सरबताचा पेला स्वतः उचलून माझ्यापुढं धरला.

डावा हात. करंगळी अर्धी. पेरावर सुरकुती.

मी पेला घेतला, पण हाताकडंच बघत राहिले. आबांच्या ते लक्षात आलं. "बगितलाव वाटतं आमच्या धोंडूला," ते म्हणाले.

"त्यांना काय विचारताव, आबा? कालच मोठी पावनी आलीवती, अध्यक्षांच्या संगती. वहीत लिवून गेल्यात," वनिता कोकमांवरून नजर न उचलता म्हणाली. "ह्याच त्या."

कॉलनीतली बातमी माझ्याआधी गडगा ओलांडून गेली होती.

मग वनितानंच सांगितलं. पुतळे व्हायच्या आधी समितीची माणसं एका पाहुण्याला घेऊन आली. त्यानं आबांच्या हाताचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. "तोंड नको, हात दाकवा म्हनालान. आमाला वाटलं, म्हाताऱ्या मानसांच्या पेन्शनीचं काय तरी आसंल. आबांनी हात धुवून दाकवलानी. मी च्या दिला त्याला. वर घावने."

"चांगला होता पोरगा," आबा म्हणाले. "तीन घावने खाल्लान."

आता येणारे-जाणारे पुतळ्याशी थांबतात. गडग्याच्या वरून पुढची पडवी दिसते. आबा तिथं बसलेले दिसले की लोक आधी पुतळ्याच्या हाताकडं बघतात, मग यांच्या. कुणी तरी त्यांना पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो द्यायला सांगितलं. कुणी गडग्याकडं बोट दाखवून हसलं. त्या दिवसापासून आबा पुढं बसायचे बंद झाले आणि पुढचं दार लागलं.

"मी समितीत सांगून बगितलं," आबा म्हणाले. "पुतळा काडा नाय म्हटलं. लोकांनी पैसा घातलानी, ऱ्हाऊ दे. बोट तेवडं पुरं करा. तोंड काय माजं नाय, ते पोस्टमनचं पन तेच हाय. बोट पुरं झालं की त्यो कोनी पन धोंडू. मंग मी पुडं बसंन."

याहून कमी मागणी मी आयुष्यात ऐकलेली नाही.

"तुम्ही ती कथा वाचलीय?" मी विचारलं.

"मला कोन देनार? ज्यानं लिवलान त्यानं कदी दिलान नाय. समितीकडं मागितलं, तर त्यांच्याकडंच नाय."

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. काढू की नको, असं झालं. शेवटी काढलं. ग्रंथालयाचा शिक्का बघून आबा म्हणाले, "वाचा की बाय. माज्यावर लिवलेलं मलाच ठावं नाय."

मी वाचायला लागले. मोठ्यानं वाचताना कथा कागदावर होती त्यापेक्षा लांब वाटली. धोंडू गडगा सरकवत होता, शेजारी गरीब होता, शेजाऱ्याचा मुलगा हुशार आणि हळवा होता. तो मुलगा कोण, हे कळायला समीक्षक लागत नाही. चिरा पडतो तिथं मी थांबले. आबा म्हणाले, "थांबू नका."

देवीनं वाटा घेतला, ते झालं. दारं बंद झाली, ती झाली. मी पुस्तक मिटलं. वनिताचे हात कोकमात तसेच होते.

"लिवलान बरीक झकास," आबा म्हणाले. "गडगा रचायचं बेस सांगितलान. मोटा चिरा खाली, चपटा वर. ते मीच शिकवलंवतं त्याला." मग म्हणाले, "पन त्यो तिथं नव्हता, असं लिवलान."

"कोण?"

"त्योच. त्याच्या बापानं नि माज्या बापानं आमाला दोगांना धाडलानी गडगा रचायला. ईस-ईस वर्साचे आसू. चिरा उचललाव. त्यो तिकडनं, मी हिकडनं. खालनं इंचू निगाला. त्यानं हात सोडलान."

"विंचू खरंच होता?"

"व्हता तर. मी पन बगितला. मी सोडला नाय."

त्यानंतर लेखकमहाशय मुंबईला गेले. जमीन विकली तरी दर मे महिन्यात यायचे, पुढच्या पडवीत बसायचे, आंबे खायचे, गप्पा मारायचे. "माज्या हाताकडं कदी बगितलान नाय," आबा म्हणाले. "मला वाटे, त्याला वाईट वाटत आसंल. म्हनून मीच हात मागं घेऊन बसायचो."

वनितानं आमसुलं बांधून दिली. निघताना म्हणाली, "त्या गडग्याच्या मोजणीचा अर्ज टाकलाय मी. सरळ केलानी म्हनतात, तर कुटं सरळ केलानी ते तरी कळू दे." मग हात पुसत, "ताई, तुमी मोट्या. तुमी सांगितलं तर समिती ऐकंल. बोट तेवडं."

पुन्हा उद्यान

जेवताना शुभदाला सांगितलं. ती पानातला भात चिवडत राहिली. तिला ठाऊक होतं. "मालू, मी समितीत एकटी बाई आहे," ती म्हणाली. "आणि तू उद्या जाशील." ही दोन्ही वाक्यं खरी होती. त्यामुळं भांडणसुद्धा करता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडीच्या आधी मी अध्यक्षांना गाठलं. ते प्रवेशद्वारापाशी एका फलकाचे खिळे ठोकून घेत होते. मी सरळ मुद्द्यावर आले. करंगळी पुरी करा, कथेचं काही बिघडत नाही. पाहिजे तर माझा अभिप्राय फाडून टाका, मी दुसरा लिहिते.

"मॅडम, वही अधिकृत आहे, तिचं पान फाडता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि करंगळीला हात लावणं म्हणजे कलाकृतीत ढवळाढवळ. लेखकानं अर्धी लिहिली आहे."

"ती लेखकानं लिहिली, हे तुम्हाला कथा न वाचता कसं ठाऊक?"

"आबांनीच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, की त्यांच्यावर कथा आहे म्हणून. कौतुकानं सांगत होते."

"मग त्या माणसाचं तुम्ही ऐकायला नको?"

"ऐकलं ना. म्हणून तर पुतळा केला." त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. "आणि आता तर प्रश्नच मिटला. आबा सांगायला आले तेव्हा आमच्यातही दोन मतं होती. पण तुमच्यासारख्या जाणकारांनीच शिक्कामोर्तब केल्यावर..." त्यांनी फलकाकडं हात केला.

फलकावर तीन हात लांब माझं वाक्य होतं. 'धोंडूची अर्धी करंगळी हा या उद्यानातला सर्वांत अस्सल तपशील आहे.' खाली माझं नाव, हुद्दा, कोल्हापूर. निवृत्त हा शब्द गाळला होता.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शब्द जपून वापरायला सांगत आले. मी वापरलेल्या एका वाक्यानं एका म्हाताऱ्याचं पुढचं दार पक्कं लावलं होतं, आणि वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं.

निघताना वनिताकडं जायला हवं होतं. मी गेले नाही. आमसुलं आधीच घेतली होती. शुभदाच्या हाती संग्रहाची प्रत तेवढी आबांसाठी ठेवली आणि ती त्यांना पोचवशील ना, असं दोनदा विचारलं. तिनं दोनदा हो म्हटलं.

कोल्हापूर

घाट चढल्यावर हवा सुटी झाली. बाकी काही झालं नाही.

दिवाळी झाल्यावर शुभदाचा फोन आला. पुस्तक तिनं पोचवलं होतं. गडग्याची मोजणीही झाली होती. मोजणीदारानं खुणा रोवल्या तेव्हा निघालं असं, की सरळ करताना कंत्राटदारानं गडगा आबांच्या जागेत दोन फूट आत घेतला आहे. धोंडू पूर्णपणे त्या दोन फुटांत येतो.

गडगा मागं घ्यायला समितीनं मान्यता दिली. पुतळा मात्र चौथऱ्यात पक्का बसवलेला असल्यानं तो हलवला तर पायापासून तुटेल. म्हणून समितीनं आबांना रीतसर पत्र पाठवलं: सदर शिल्प आपल्या जागेत येत असल्यामुळं त्याची स्वच्छता व देखभाल यापुढं आपण करावी.

पत्र वनितानं वाचून दाखवलं. आबांनी ते दोनदा वाचायला लावलं, देखभाल म्हणजे नेमकं काय ते विचारलं, आणि पुढचं दार उघडून बाहेर आले. आता ते दर शनिवारी धोंडूला विहिरीच्या पाण्याची नळी लावतात. अध्यक्ष लेखणीपाशी उभे राहून बघतात. पत्रावर सही त्यांचीच आहे. माझा फलक प्रवेशद्वारावर अजून आहे आणि लोक तो वाचून आत जातात, पण अर्धी करंगळी त्यांना सापडत नाही.

आबांनी ती भिंतीच्या पुट्टीनं पुरी केली आहे. शेजारच्या बोटापेक्षा जरा लांब झाली आहे, असं शुभदा म्हणते.